सरूची पेटी आणि तेलाचा डबा

मी पेटी बोलतेय. हाडांची पेटी. दचकलात ना? दचका खुशाल, सगळेच दचकतात. अस्थिघरातल्या दिव्यात तेल घालायला येणाऱ्या बायका माझ्यासमोरून जाताना डोक्यावरचा रुमाल पुढे ओढतात आणि भराभर पावलं उचलतात. मी काही चावत नाही हो. सरूच्या लाकडाची साधी पेटी मी. झाकणावर क्रूस कोरलाय, त्याचा एक हात जरा आखूड राहिलाय. तो का राहिला, तेही सांगते.

आमच्या गावी मेलेला माणूस जमिनीत कायमचा राहत नाही. डोंगर सगळा खडकाचा, माती मूठभर, ती पाळीपाळीनेच वापरावी लागते. तीन वर्षं झाली की बायका थडगं उघडतात, हाडं लाल द्राक्षदारूत धुतात, उन्हात वाळवतात आणि पेटीत भरून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवतात. हाडं सुटी आणि पिवळसर निघाली म्हणजे माणूस सुटला. पण माणूस जसाच्या तसा निघाला, तर मात्र सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळतं. कुणाचा तरी शाप, नाहीतर कुणीतरी न केलेली माफी त्याला धरून बसलीय, असं आमच्याकडे समजतात.

पेटी होण्याआधी मी झाड होते. चर्चच्या दाराशेजारीच उभी. दार उघडं असलं की आतलं सगळं दिसायचं. बाप्तिस्म्याला टाहो फोडणारी पोरं, लग्नात रुसलेले व्याही. माणसं आत जाताना चेहरा लांब करतात आणि बाहेर पडल्या पडल्या कॉफीच्या दुकानाकडे सुटतात. वर्षानुवर्षं हेच बघून मला त्याचं हसूही येईनासं झालं होतं.

त्याच दारातून मी आर्गिरिसला खोटी शपथ घेताना पाहिलं.

आर्गिरिस म्हणजे गावचा सुतार. हात सोन्याचा, काळीज मात्र सशाचं. एका हिवाळ्याच्या तोंडावर गावाचा ऑलिव्हचा घाणा जळाला. वर्षभराचं तेल एका संध्याकाळीत गेलं. आर्गिरिसनेच ओढून टाकलेली सिगारेट चोथ्याच्या ढिगात पडली होती. कुणी पाहिलं नव्हतं. आदल्याच दिवशी लाम्ब्रोस नावाचा तरुण घाण्यावर भांडून गेला होता, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळली. पाहिलं म्हणणारा कुणीतरी हवा होता. आर्गिरिस इतका घाबरला होता, की तोच म्हणाला, मी पाहिलं.

चांदीने मढवलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक पुढे आणलं गेलं. आर्गिरिसने त्यावर उजवा तळहात सपाट ठेवला आणि लाम्ब्रोसला कंदील घेऊन जाताना पाहिल्याचं सांगितलं. लाम्ब्रोसची नवी नवरी पोलिक्सेनी खांबाला टेकून उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. त्या तळहाताकडे बघत राहिली.

लाम्ब्रोसला तुरुंगात टाकलं. तिथे खोकून खोकून त्याचा जीव गेला. ही बातमी गावात आली ती ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तोंडावर. उपवास लागायच्या आदल्या रविवारी आमच्याकडे सगळे चर्चमध्ये ओळीने एकमेकांसमोर वाकतात. एकाने म्हणायचं, मला क्षमा कर. दुसऱ्याने म्हणायचं, देव करो, मीही करतो. खरं सांगू? बहुतेकांचं लक्ष घरच्या जेवणाकडे असतं. पण त्या रविवारी ओळ सरकत सरकत आर्गिरिस पोलिक्सेनीसमोर आला, गुडघ्यांवर बसला आणि सगळं बोलून गेला. सिगारेट, घाणा, शपथ. पोलिक्सेनीने घागरा सावरला आणि ती त्याच्या बाजूने निघून गेली.

पुढे आर्गिरिस कोर्टातही बोलला, शिक्षा भोगून आला. मग पाद्रीबाबा थेओफानिस यांनी त्याला चर्चची शिक्षा दिली. प्रभुभोजन, म्हणजे वेदीवरचा पाव आणि द्राक्षदारू, बंद. उपासना चालू असताना दाराबाहेर उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, माझ्यासाठी प्रार्थना करा. तो माझ्याच बुंध्याशी उभा राहायचा. पावसात, बर्फात. लोक आधी थुंकायचे, मग बघेनासे झाले, मग एखादी बाई जाता जाता हातात पाव ठेवायला लागली.

एका वादळात मी बुंध्याच्या वर मोडून पडले. आर्गिरिसने माझं एक फळकूट मागून घेतलं. तुरुंगाच्या स्मशानातून लाम्ब्रोसची हाडं आणायला पोलिक्सेनी गेली होती, त्या हाडांसाठी त्याने मला घडवलं. रंधा मारताना तो माझ्याशी बोलायचा. म्हणायचा, माणूस परत आणता येत नाही गं, मला एवढंच येतं. त्याचे डोळे भरून यायचे आणि भुसा त्याच्या गालांना चिकटायचा. इतक्या प्रेमाने मला नंतर कुणी हाताळलं नाही.

झाकणावरचा क्रूस कोरून व्हायच्या आत बस आली. तो मला उचलून तसाच धावला. पोलिक्सेनी खाली उतरली, कडेवर मूल घ्यावं तसा तिने तेलाचा पत्र्याचा डबा घेतला होता. त्यातच लाम्ब्रोस होता. आर्गिरिसने मला तिच्यापुढे ठेवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझा माणूस डब्यातच राहील. आणि तुझं सांगते, आर्गिरिस. माती तुला न खावो. तुझी हाडं या पेटीत कधी न पडोत."

बसमधले लोक छातीवर क्रूसाची खूण करू लागले. आमच्याकडे शाप देणं सोपं नसतं. दिला की तो घरात येऊन राहतो.

आमच्या घरी तर तो आलाच. आर्गिरिसची बहीण स्तामाता भावाचं घर सांभाळायची, बिचारीने लग्नही केलं नव्हतं. तिने माझ्यात घेवडा भरून ठेवला, तो काळा पडला. कोंबडीला अंड्यांवर बसवायला घेतलं, तर ती माझ्याकडे बघून असं ओरडत सुटली की दोन दिवस सापडली नाही. आणि दुपारी घर शांत झालं की माझ्या आतून टकटक व्हायची. बोटाच्या पेराने दारावर करतात तशी. मी रिकामी होते, मला माहीत होतं मी रिकामी आहे, आणि तरी माझ्या आत कुणीतरी वाट बघत होतं. स्तामाता झाकण उघडायची. आत काही नसायचं, फक्त ताज्या भुशाचा वास यायचा. उंदीर असतील, असं ती मोठ्याने म्हणायची आणि अंगणात जाऊन बसायची.

वर्षं गेली. आर्गिरिसची शिक्षा संपली. पाद्रीबाबा स्वतः दाराशी आले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "चल आत. बिशपांनीही परवानगी दिली आहे."

"ती म्हणू दे, मग येतो."

"अरे, हे दार चर्चचं आहे, पोलिक्सेनीच्या घरचं नाही."

तो हो हो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. पाद्रीबाबा चिडले, समजावत राहिले, घरी येऊन स्तामातासमोर कपाळाला हात लावून बसले. देवाने सोडलं, चर्चने सोडलं, हा मात्र उंबरा ओलांडायला तयार नाही, असं ते म्हणत होते. काही उपयोग झाला नाही. एका रविवारी आत गाणं चालू असताना आर्गिरिस माझ्या तुटक्या बुंध्याला टेकून बसला तो उठलाच नाही. त्याने सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याचे अंत्यविधीही दाराबाहेरच झाले.

तीन वर्षांनी स्तामाताने मला घासूनपुसून स्मशानात नेलं आणि थडग्याच्या कडेला झाकण उघडून ठेवलं. मी खूश होते हो, का खोटं बोलू? माझा धनी माझ्यात येणार होता. हाडं धुणारी काल्लिरोई म्हातारी खाली उतरली. तिने माती बाजूला केली आणि तिचं खुरपं थांबलं.

आर्गिरिस तसाच होता. दाढी तशीच, कानामागे सुताराची पेन्सिल तशीच. कातडी चामड्यासारखी ताठ झाली होती. पुरताना हात छातीवर जोडले होते. डावा तिथेच होता, उजवा मात्र बाजूला आला होता, तळवा खाली, बोटं पसरलेली, एखाद्या पुस्तकावर ठेवावीत तशी.

"मातीने याला हात लावलेला नाही," काल्लिरोई म्हणाली.

पाद्रीबाबांनी क्षमेची प्रार्थना वाचली, त्याला पालथा करून पुन्हा झाकलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तो परत उताणा होता. उजवा हात तसाच सपाट. आता गाव हादरलं. एकेकाला थडग्यापाशी बोलावलं गेलं. घाण्यावाला आला, थुंकणारे आले, प्रत्येकाने आर्गिरिस, तुला क्षमा आहे असं म्हणून मूठ मूठ माती टाकली. मेलेल्याच्या नावाने उकडलेले गहू वाटले, साखर आणि मनुका घालून. राहिली एक पोलिक्सेनी.

तिला आणायला बायका गेल्या. सगळं गाव अडलंय तुझ्यापायी, असं तिला ऐकवलं. दुकानदाराने तिला पीठ द्यायचं बंद केलं. शेवटी ती आली, काळ्या कपड्यांत, ओठ मिटून. पाद्रीबाबांनी तिच्यापुढे शुभवर्तमान धरलं. तिने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मी क्षमा केली. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. माझ्या आत मात्र टकटक झाली. कुणी ऐकली नाही, पोलिक्सेनीने ऐकली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर थडगं वर्षभर बंद ठेवलं. त्या वर्षात स्तामाता थकली. तिला उठताना धाप लागायची. मला मांडीवर घेऊन ती म्हणायची, मी मेल्यावर त्याच्या थडग्यावर दिवा कोण लावणार गं? मी काय सांगणार, मी पेटी.

तिसऱ्यांदा उघडलं ते उपवासाआधीच्या शनिवारी. आर्गिरिस तसाच. हात तसाच. मग गावचे पुरुष बाजूला जाऊन बोलले आणि घाण्यावाल्याने येऊन सांगितलं, की आता बास. स्मशानात पोराबाळांची थडगी आहेत. सोमवारी दोर घालून याला बाहेर काढायचं आणि दरीत टाकायचं. पाद्रीबाबा आडवे पडले, म्हणाले मला आधी टाका. पण माणसं घाबरली की पाद्रीचंही ऐकत नाहीत. त्यांनी प्रेतावर चादर घातली, वर जराशी माती लोटली आणि घरी गेले. स्तामाताला दोघींनी धरून आणलं.

रविवारी दुपारी आमचं दार वाजलं. दारात पोलिक्सेनी होती. इतक्या वर्षांत ती आमच्या गल्लीतूनही गेली नव्हती. स्तामाता तिला या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, नुसती बघत राहिली.

"स्तामाता, मी खोटं बोलले," पोलिक्सेनी म्हणाली. "पुस्तकावर हात ठेवून बोलले. लोकांना भिऊन."

स्तामाता खाली बसली.

"मी रात्रंदिवस त्याचा हात आठवत होते," पोलिक्सेनी म्हणाली. "आणि काल थडग्यात वाकून बघितलं, तर मला तो माझाच वाटला. ती पेटी दे मला."

तिने मला उचललं. तिचे हात थंड होते. आपल्या घरी नेऊन तिने मला खिडकीत ठेवलं, गंजलेला डबा उघडला आणि लाम्ब्रोसला पुन्हा एकदा दारूने धुतलं. एकेक हाड हातात घेऊन ती त्याच्याशी बोलत होती. इतकी वर्षं तुला पत्र्यात ठेवलं रे, म्हणत होती, आर्गिरिसचा सूड घ्यायचा म्हणून तुलाच थंडीत ठेवलं. मग तिने त्याला माझ्यात ठेवलं.

मला काय वाटलं विचारता? आधी राग आला. मी आर्गिरिसची वाट बघत होते, हा परका कोण! मग आठवलं, मला घडवलं होतं ते याच्यासाठीच. टकटक थांबली होती. माझ्या आत इतकी शांतता मी झाड असल्यापासून अनुभवली नव्हती.

त्या संध्याकाळी ती मला घेऊन चर्चमध्ये आली. लोक ओळीत उभे होते, वाकायला. तिने मला मधोमध ठेवलं आणि जिथे आर्गिरिस गुडघ्यांवर बसला होता त्याच फरशीवर बसली.

"मी खोटी शपथ घेतली," ती म्हणाली. "त्याने घेतली तशीच. तेव्हा मी क्षमा केली नव्हती. आता केली आहे. त्याची पेटी मी घेतली. आर्गिरिस, तूही मला क्षमा कर."

मग स्तामाता काठी टेकत पुढे आली, तिच्यासमोर वाकली आणि भावाच्या वतीने म्हणाली, "देव करो. तोही करतो." दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून रडल्या. घाण्यावाला आपल्या टोपीकडे बघत उभा होता.

तरी सोमवारी पुरुष दोर घेऊन आलेच. भीती अशी एका संध्याकाळीत जात नाही. पोलिक्सेनी आली होती, एका हातात मी, दुसऱ्या हातात रिकामा डबा. त्यांनी चादरीखालून दोर घातला, चौघांनी जोर लावून ओढला आणि चौघेही मागच्या मागे पडले. दोराला वजनच नव्हतं.

काल्लिरोईने चादर उचलली. खाली हाडं होती. सुटी, स्वच्छ, मेणासारखी पिवळी. उजव्या हाताची बोटं जपमाळ तुटावी तशी मातीत विखुरली होती. शेजारी पेन्सिल पडली होती. वारा पडला होता, आणि तिथे असलेल्या प्रत्येकाला ताज्या भुशाचा वास आला. हे मी एकटी सांगत नाही, घाण्यावालाही सांगेल.

धुऊन झाल्यावर स्तामाता माझ्याकडे बघायला लागली, पण मी भरलेली होते. शाप खरा ठरला होता, आर्गिरिसची हाडं माझ्यात कधीच पडणार नव्हती. पोलिक्सेनीने डबा पुढे केला. "यात ठेव," म्हणाली. "माझा माणूस राहिला होता यात. चांगला डबा आहे."

हाडं डब्यात ठेवून झाली. बायका अस्थिघराकडे वळल्या, पोलिक्सेनी मात्र डबा घेऊन चर्चच्या दाराकडे चालायला लागली. दार उघडं होतं. पाद्रीबाबा आत उभे होते. माझ्या जुन्या बुंध्यापाशी ती क्षणभर थांबली, डबा छातीशी घट्ट धरला आणि म्हणाली, "चल रे. मी म्हणतेय." आणि उंबरा ओलांडला.

पाद्रीबाबांना त्या दिवशी प्रार्थना नीट म्हणता आली नाही.

पोलिक्सेनीने तीच शिक्षा स्वतःहून मागून घेतली आणि ईस्टरपर्यंत ती दर रविवारी दाराबाहेर उभी राहिली, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणत. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी पाद्रीबाबांनी हात पुढे केला, तेव्हा मात्र तिने आढेवेढे घेतले नाहीत. ती आत गेली आणि तिने प्रभुभोजन घेतलं. पुढे स्तामाता गेली, मग पोलिक्सेनी. दोघीही वेळच्या वेळी मातीत विरघळल्या. पोलिक्सेनी आता माझ्यात आहे, लाम्ब्रोसजवळ.

माझी लाकडी कड जरा फुगली आहे, एक बिजागरी निखळली आहे. फळीवर शेजारीच तो डबा आहे, गंजून तांबडा झालेला. दुपारी अस्थिघरात कुणी नसलं की त्यातून रंधा मारल्यासारखा आवाज येतो, हलका, लांबून आल्यासारखा. मी झाकण मिटून ऐकत बसते. एका क्रुसाचा हात राहून गेलाय ना, तेच काम चाललं असावं असं मला वाटतं.

तुम्ही कधी तेल घालायला आलात आणि तो आवाज कानावर पडला, तर पळू नका. दिवा लावा, डब्यावर हात ठेवा आणि म्हणा, देव क्षमा करो, मीही करतो. पण तुमच्या मनात तसं असेल तरच म्हणा. नसेल तर नुसतं तेल घालून गप्प निघून जा, आम्हाला वाट बघता येते.